लिंक्डइनचा फोटो: काढा खिडकीपाशी, निवड मात्र दुसऱ्यावर सोपवा

लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून लावलेला चेहरा लगेच ओळखू येतो. खांद्यावर कुणाचा तरी हात उरलेला असतो, केसांत अक्षतेचा दाणा असतो, मागे झेंडूची माळ. त्याच्या जोडीला आणखी दोन नमुने हमखास दिसतात: गाडीत सीटबेल्ट लावून काढलेला सेल्फी, आणि निळ्या पडद्यापुढचा पासपोर्ट फोटो, ज्यात माणूस दहावीच्या हॉलतिकिटावर दिसतो तसाच बावरलेला. हे फोटो वाईटच असतात असं नाही, ते दुसऱ्या कामासाठी काढलेले असतात. लिंक्डइनसारख्या नोकरीधंद्याच्या साइटवर, कामाच्या प्रोफाइलवरच्या फोटोकडून अपेक्षा साधी आहे. तो पाहून ज्याने मुलाखतीला बोलावलं, त्याला तुम्ही दारातून आत येताच ओळखू यावं आणि तुमच्याशी बोलायला संकोच वाटू नये.

यासाठी स्टुडिओच हवा असं नाही. बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाइल, एक खिडकी, मदतीला एक माणूस आणि अर्धा तास पुरतो.

उजेड

आधी घरातले दिवे बंद करा. ट्यूब, एलईडी, पॅसेजमधला बल्ब, सगळे. खिडकीतला उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र पडले की चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात आणि मोबाइल त्यांचा काहीतरी मधला रंग काढून मोकळा होतो. एडिटिंगमध्येही हे सुटत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. छतावरच्या दिव्याचा आणखी एक त्रास म्हणजे भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि माणूस रात्रपाळी करून आल्यासारखा दिसतो.

खिडकी अशी निवडा की ऊन थेट आत येत नसेल. उत्तरेची जवळजवळ दिवसभर चालते, पूर्वेची दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. ऊन येतच असेल तर पातळ पांढरा पडदा लावा किंवा जुनं धोतर ताणून बांधा, नाहीतर ग्रिलच्या सावल्या गालावर उमटतात. स्लायडिंगची काच काळपट किंवा हिरवट असेल तर सरकवून उघडी ठेवा. हिरव्या काचेतून आलेल्या उजेडात धडधाकट माणूसही कावीळ झाल्यासारखा दिसतो. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ या कामाला उत्तम, फक्त उजेड कमी असतो, म्हणून दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान काढा आणि खिडकीच्या जवळ या. उजेड कमी पडला की मोबाइल चित्रात दाणे आणतो आणि ते लपवण्यासाठी त्वचा पुसून गुळगुळीत करतो.

खिडकीपासून साधारण एक मीटरवर उभे राहा. फोटो काढणाऱ्याच्या एका खांद्यापलीकडे खिडकी हवी. ती नेमकी त्याच्या पाठीमागे असेल तर चेहरा पोळीसारखा सपाट येतो, तुमच्या पाठीमागे असेल तर काळा. नेमकी जागा शोधायला मुठीचा उपयोग करा. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. बोटांच्या पेरांवर एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला मऊ, कडा नसलेली सावली दिसली की थांबा. आता मुठीच्या जागी तुमचा चेहरा आणि तुमच्या जागी कॅमेरा हवा, तोंड कॅमेऱ्याकडे.

सावलीकडची बाजू फार गडद वाटली तर तिकडे दीड-दोन फुटांवर पांढरा कार्डशीट धरा, किंवा खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाका. फरक डोळ्यांना दिसतो. भिंतीच्या रंगाकडेही लक्ष द्या. पोपटी किंवा गुलाबी ऑइलपेंटची भिंत अगदी शेजारी असेल तर तो रंग गालावर उतरतो. गावाकडच्या घरात खिडकीपेक्षा ओसरीची कड चांगली: वर छप्पर, तोंड अंगणाकडे, उजेड समोरून. अंगण लाल मातीचं असेल तर हनुवटीखाली तांबूस छटा येते, तेव्हा पायांपुढे एक पांढरी चादर अंथरा.

उजेड बरोबर पडला की नाही, हे फोटो मोठा करून डोळ्यांत पाहावं. प्रत्येक बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसला पाहिजे. तो नसला की डोळे विझलेले वाटतात, मग हसू कितीही छान असो.

अंतर

सेल्फीत नाक मोठं दिसतं यात मोबाइलचा दोष फारसा नाही, दोष हाताच्या लांबीचा आहे. अगदी जवळून पाहिलं की कॅमेऱ्याच्या दृष्टीने नाक कानांपेक्षा बरंच पुढे असतं, म्हणून ते फुगतं आणि कान मागे पळतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत साधारण ३० टक्के जास्त भासते.

म्हणून कॅमेरा किमान दीड मीटर, म्हणजे पाच फूट लांब हवा. मागचा मुख्य कॅमेरा वापरा, पुढचा नको. मोबाइलला २एक्स किंवा ३एक्सची लेन्स असेल तर ती लावा. नसेल तरी तेवढ्याच अंतरावरून १एक्सवर काढा आणि नंतर कापा. चेहऱ्याचा आकार अंतरावर ठरतो, झूमवर नाही. कापल्याने फोटो फुटेल ही भीती बाळगू नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. मोबाइल उभा धरून दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत डोकं-खांद्यांपुरता चौकोन कापला तर बाजू सुमारे १२०० पिक्सेल उरते. लिंक्डइनला ४०० बाय ४०० पुरतात.

लेन्स तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा बोटभर वर ठेवा. घरातल्या बारा वर्षांच्या मुलाने उभ्या उभ्या काढला तर नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भागच आधी दिसतो. अशा वेळी तुम्ही स्टुलावर बसा आणि त्याला उभं राहू द्या. मदतीला कुणीच नसेल तर मोबाइल कपाटाच्या फळीवर पुस्तकांना टेकवा आणि टायमर १० सेकंदांचा लावा. ३ सेकंदांत माणूस जागेवर पोहोचतो, पण चेहरा पोहोचत नाही.

मागची भिंत

भिंतीला टेकून उभे राहू नका. टेकलात की डोक्यामागे काळी सावली पडते आणि फोटो थेट पासपोर्टच्या रांगेत जाऊन बसतो. भिंत किमान चार-पाच फूट मागे हवी. फिकट राखाडी, पांढुरकी किंवा गडद निळी, कशीही चालेल. फक्त तुमच्या केसांच्या आणि कपड्यांच्या रंगाशी ती मिसळता कामा नये. कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, फ्रिजवरचा स्टॅबिलायझर, टीव्हीवर अडकवलेला सेट-टॉप बॉक्स ही रोजची नजर चुकवणारी मंडळी. डोक्यामागे दाराची चौकट किंवा पडद्याचा दांडा येतोय का पाहा, तो मानेतून निघाल्यासारखा दिसतो.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो, पण अंदाजाने करतो. कुरळ्या केसांची कड, चष्म्याची दांडी, लोंबता झुमका, कानामागची बट: या चार जागा तपासा. झुमक्याचा खालचा मोती गायब झालेला फोटो सर्रास दिसतो. मोड वापरायचाच असेल तर धूसरपणा अर्ध्याहून कमी ठेवा.

कपडे, केस, चष्मा

कामावर चांगल्या दिवशी जे घालता ते घाला. कोर्टात जाणाऱ्याचा काळा कोट आणि प्लांटवर सुपरवायझर असलेल्याचा साधा इस्त्रीचा शर्ट, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोट कधीच न घालणाऱ्याने भाड्याचा कोट चढवला तर तो खांद्यांवरून कळतो.

बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा. छोट्या आकारात त्या कापडावर लाटा उठल्यासारख्या दिसतात, कारण पडद्याचे ठिपके आणि कापडाच्या रेघा एकमेकांत अडकतात. पांढराशुभ्र शर्ट उजेडात पार जळून जातो. आकाशी, राखाडी, मरून, बाटली हिरवा सोपे पडतात. साडी असेल तर सुती किंवा मऊ रेशमी, बारीक काठाची. पैठणीची रुंद जर खिडकीच्या उजेडात चमकते आणि नजर चेहऱ्याऐवजी काठावर जाते. खांद्यावरच्या निऱ्या पिनने घट्ट लावा, पदर फुगलेला राहिला की खांदा एका बाजूला चढलेला दिसतो. टिकली, मंगळसूत्र, पगडी, दाढी, हिजाब यांबद्दल कुणाचे सल्ले ऐकत बसू नका. रोज जसे कामावर जाता तसेच फोटोत या.

केस कापायचे असतील तर चार-पाच दिवस आधी. ताज्या कटिंगनंतर कानांभोवतीची त्वचा उजळ पट्ट्यासारखी दिसते. त्या दिवशी तेल नको. कपाळ, नाकाचा शेंडा आणि टक्कल असेल तर टाळू यांवर टिश्यू पेपर दाबून घ्या, घासू नका. पावडर फासली तर मान आणि चेहरा वेगवेगळ्या माणसांचे वाटतात.

चष्मा रोज लावत असाल तर फोटोतही हवा. काचेवर खिडकी चमकत असेल तर दांड्यांची मागची टोकं कानावरून अर्धा सेंटिमीटर वर उचला. काचा किंचित खाली झुकतात आणि चमक निघून जाते, समोरून ही चलाखी कुणाला दिसत नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा उघड्या खिडकीपाशीही करड्या पडतात. तशा असतील तर जुना साधा चष्मा शोधून काढा.

फोटो काढताना

पहिलं काम म्हणजे लेन्स पुसणं. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच आणि त्यामुळे सगळा फोटो धुक्यातला येतो. बनियनच्या मऊ कापडाने पुसा.

दुसरं, ब्युटी मोड. बऱ्याच मोबाइलमध्ये तो न विचारताच चालू असतो. ‘ब्युटी’, ‘स्मूथ’, ‘फेस’ या नावांखाली जे जे असेल ते शून्यावर आणा. तो सुरकुत्या पुसतो, डोळे मोठे करतो, जबडा निमुळता करतो आणि आपल्याकडे त्याचा आवडता उद्योग म्हणजे माणसाला दोन छटा गोरं करणं. सावळ्या चेहऱ्याला उजळ करायची गरज नसते, चेहऱ्यावर पुरेसा उजेड पडण्याची असते. खिडकीजवळ सरका, कार्डशीट जवळ आणा. त्वचेचा खरा रंग तजेलदार दिसतो.

मग पडद्यावर डोळ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. शेजारी सूर्याचं चिन्ह आलं की बोट किंचित खाली ओढा, कपाळावरचा पांढरा डाग नाहीसा होईपर्यंतच. जास्त ओढलं तर डोळे काळवंडतात.

आता उभं राहणं. पाय आणि खांदे थोडे खिडकीकडे वळवा, चेहरा कॅमेऱ्याकडे. दोन्ही खांदे सरळ समोर आले की पोलीस स्टेशनातला फोटो होतो. मग कासव मान बाहेर काढतं तशी हनुवटी दोन बोटं पुढे आणा आणि एक बोट खाली. आरशात हे विचित्र दिसतं, फोटोत मात्र जबड्याची रेघ स्पष्ट होते आणि गळ्याखालची वळी जाते. मान ताठ ठेवून हनुवटी मागे ओढण्याची सवय आपल्याकडे शाळेच्या फोटोपासून लागलेली असते, ती मोडायला दहा-बारा फोटो जातात.

हसू मागितलं म्हणून येत नाही. डोळे मिटा, श्वास पूर्ण सोडा, मदतनिसाने ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर डोळे उघडा, आणि तिसऱ्या आकड्यानंतर लगेच चार-पाच फोटो सलग काढले जाऊ देत. ‘चीज’ म्हटलं की शेवटच्या ‘ज’ला ओठ पुढे येतात. ‘पैसे’ म्हणा, ‘से’ला गाल वर जातात. शब्द चालू असताना काढू नका, तो संपल्यावर उरलेलं हसू टिपा. दात दिसावेत की नाही हा वाद निरर्थक आहे. दोन्ही काढा, कोणतं चालतं ते निवडताना कळेल.

एकूण साठ-सत्तर फोटो हवेत. पहिले वीस फुकट जातात कारण चेहरा अजून फोटो काढून घेत असतो. मध्ये एकदा थांबून पाणी प्या, शर्ट बदला, पुन्हा उभे राहा. मधेच फोटो बघत बसू नका. एक फोटो नावडला की पुढच्या दहांत ती नाराजी दिसते.

निवड

बहुतेकांचं इथेच चुकतं. फोटो चांगला निघालेला असतो आणि मालक नेमका दुसरा लावतो.

याची कारणं तपासलेली आहेत. स्वतःचा चेहरा आपण आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटा पाहतो. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचे सरळ आणि उलटे असे दोन्ही फोटो दाखवले. स्वतःला उलटा आवडला, मित्रांना सरळ. सरळ फोटोत भांग दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो आणि ‘हा मी वाटतच नाही’ म्हणून माणूस तो बाद करतो, जगाला मात्र तो तसाच दिसत असतो. २०१७ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एक पाऊल पुढे जाऊन पाहिलं. लोकांनी स्वतःसाठी निवडलेले फोटो आणि अनोळखी माणसांनी त्यांच्यासाठी निवडलेले फोटो तिसऱ्याच लोकांना दाखवले. अनोळखी माणसांची निवड जास्त चांगली छाप पाडणारी ठरली. आणि ती छाप पडायला वेळ लागत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात २००६ मध्ये झालेल्या प्रयोगात चेहरा अवघा ०.१ सेकंद दाखवला, तरी विश्वासार्हतेबद्दलची मतं निवांत पाहणाऱ्यांच्या मतांशी बरीच जुळली.

तेव्हा तुमचं काम फक्त चाळणी लावण्याचं. प्रत्येक फोटो मोठा करून पापण्यांचे केस सुटे दिसतात का पाहा. धूसर असेल तर उडवा. डोळे अर्धवट मिटलेले, मानेवर ताण, कॉलर एका बाजूला आत गेलेली, हेही उडवा. मग एक दिवस जाऊ द्या आणि उरलेल्यांतून सहा काढा. ‘मी बरा दिसतो’ हा निकष लावू नका, एकमेकांहून वेगळे असे सहा घ्या: दात दिसणारे दोन, न दिसणारे दोन, थोडे गंभीर दोन.

ते तिघांना पाठवा. आई, नवरा, बायको, जिवलग मित्र यांना वगळा. आईला सगळेच आवडतात आणि मित्र नेमका चेष्टेचा फोटो निवडतो. तुमच्याबरोबर थोडंफार काम केलेले, पण घरी येणं-जाणं नसलेले लोक पाहा. ग्रुपवर टाकू नका. पहिल्याने ‘तीन नंबर’ म्हटलं की बाकीचे ‘मलाही तीन’ म्हणतात. प्रत्येकाला वेगळा मेसेज, आणि ‘कसा वाटतो?’ असं न विचारता असं काही विचारा:

“या सहांपैकी ओळख नसताना कामासाठी फोन करायचा असेल तर कुठल्या नंबरला कराल? आणि कुठल्याला अजिबात नाही?”

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कामाचा आहे. दोघांनी नाकारलेला फोटो तुमचा लाडका असला तरी सोडा.

उलट्या फोटोचा सापळा इथे पुन्हा तपासा, कारण पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले सेल्फी काही मोबाइल उलटेच साठवतात. शर्टाचा खिसा तुमच्या छातीच्या उजव्या बाजूला किंवा पदर तुमच्या उजव्या खांद्यावर दिसला की समजा चित्र पालटलेलं आहे. गॅलरीत ‘फ्लिप’ करून सरळ करा.

एआयने सेल्फीवरून बनवून दिलेले कोटातले फोटो हल्ली स्वस्त झाले आहेत. ते लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दातांची ठेवण बदलते, मंगळसूत्राचे काळे मणी वितळून रेघ होते, गालावरचा तीळ जातो, आणि मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलवर समोरचा दोन सेकंद थबकतो. त्या दोन सेकंदांत तुम्ही काहीच चूक केलेली नसते, तरी सुरुवात वाकडी होते.

कापणं आणि चढवणं

आधी चौकोन कापा. पण लिंक्डइन तो गोल दाखवतं, म्हणजे चारही कोपरे जाणार. डोकं हनुवटीपासून केसांपर्यंत उंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त भागात बसवा. डोळे वरून एक तृतीयांश रेषेच्या आसपास ठेवा, डोक्यावर बोटभर हवा, खाली खांद्यांचा उतार दिसू द्या. मानेवर कापलेला फोटो मुंडकं ताटात ठेवल्यासारखा दिसतो. कापून झाल्यावर मोबाइल हातभर लांब धरा आणि फोटो करंगळीच्या नखाएवढा करून पाहा. कमेंटमध्ये तुम्ही तेवढेच दिसणार आहात. त्या आकारात डोळे आणि हसू कळलं तर झालं.

फाइल जेपीजी किंवा पीएनजी, ८ एमबीच्या आत. मित्राच्या मोबाइलवर काढला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून घेऊ नका, तो दाबून बारीक केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. त्यात फोटोबरोबर घराचं लोकेशनही प्रवास करू शकतं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग आधीच बंद केलेला बरा. स्टुडिओत काढलात तर चार प्रिंट घेऊन परतू नका. मूळ आकाराची फाइल मागा आणि ‘स्किन क्लीन करू नका’ हे शटर दाबायच्या आधी सांगा, नाहीतर सवयीने केलं जातं.

भरतीच्या अर्जाचा फोटो निराळा. आयबीपीएसच्या बँक परीक्षांसाठी २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी अशी मर्यादा असते. ती फाइल प्रोफाइलवर लावली तर चेहरा भरड येतो. बायोडेटाचं तर देशागणिक बदलतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये त्यावर फोटो लावत नाहीत. जर्मनीत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो मागायची प्रथा सैल झाली, तरी अजूनही बरेच जण लावतात. तिकडे अर्ज करणाऱ्यांनी हाच फोटो चौकोनी, खांद्यांसकट जपून ठेवावा.

चढवून झाल्यावर फोटोवर टॅप करून तो कुणाला दिसतो ते पाहा. तिथे फक्त तुमच्या कनेक्शन्सपुरती मर्यादा असेल तर ज्या भरती करणाऱ्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याला करडं वर्तुळच दिसत राहील. ‘सर्व सदस्य’ किंवा ‘सार्वजनिक’ निवडा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून एकदा उघडून बघा.